दुधाचे खाडे आणि एकशे ब्याऐंशी दिवस

(परदेशी जाणं-येणं आणि कर या विषयावर पुण्यात ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

मागच्या उन्हाळ्यात एक काका-काकू माझ्याकडे आले होते. हातात पिशवी, पिशवीत चार पासपोर्ट. दोघांचे चालू आणि दोघांचे कोपरा कापलेले जुने. मुलगा न्यू जर्सीला. दर वर्षी एप्रिल-मे झाला की हे दोघं तिकडे जातात आणि गणपतीला किंवा त्याच्या थोडं पुढेमागे परत येतात. मी विचारलं, "मागच्या तीन वर्षांत अमेरिकेत नेमके किती दिवस होतात?" काका म्हणाले, "असतील चारेक महिने." मी म्हटलं, चारेक चालत नाही, आकडा हवा. पासपोर्ट उघडले. शिक्क्यावर शिक्का, शाई पुसट, एका ठिकाणी तर शिक्काच नाही. अर्धा तास आम्ही भिंग घेऊन बसलो. शेवटी काकू म्हणाल्या, "थांबा, घरी कालनिर्णय आहेत सगळे. दुधाचे खाडे लिहिलेत मी."

दुसऱ्या दिवशी चार वर्षांची कॅलेंडरं आली. निघायच्या आदल्या दिवशी दूध बंद, आल्याच्या दिवशी अर्धा लिटर सुरू. मधल्या महिन्यांवर पेन्सिलीनं आडवी रेघ. त्या रेघांवरून आणि विमानाच्या तिकिटांवरून आम्ही मोजलं, तेव्हा वर्षाला १३० दिवस भरले. १३० दिवस म्हणजे काय, ते पुढे सांगतो.

आधी आपल्या देशाचा हिशेब. 'मी एनआरआय आहे का' हे पासपोर्टवरून ठरत नाही, व्हिसावरूनही नाही. दर वर्षी १ एप्रिल ते ३१ मार्च या काळात तुम्ही भारतात किती दिवस होता, त्यावरून ते त्या वर्षापुरतं ठरतं. पुढच्या वर्षी पाटी पुन्हा कोरी. १९६१ च्या कायद्याची जागा आता २०२५ च्या प्राप्तिकर कायद्यानं घेतली, तो १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे. 'आकारणी वर्ष' जाऊन 'कर वर्ष' आलं, पण दिवस मोजायची रीत तीच राहिली.

भारतात १८२ किंवा त्याहून जास्त दिवस राहिलात की तुम्ही रहिवासी. 'किंवा त्याहून जास्त' हे शब्द नीट ऐका. लोक समजतात १८२ पर्यंत चालतं. चालत नाही, १८१ पर्यंतच चालतं. दुसरी कसोटी अशी: या वर्षी ६० दिवस आणि मागच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस झाले असतील, तरीही रहिवासी. परदेशी नोकरीला जाणाऱ्या भारतीय नागरिकाला त्या वर्षापुरती, आणि परदेशात राहून इथं भेटीला येणाऱ्या नागरिकाला किंवा मूळ भारतीय माणसाला, या ६० ऐवजी १८२ ची सवलत आहे. मात्र भेटीला येणाऱ्याचं भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल, तर २०२० च्या दुरुस्तीनंतर ती सवलत १२० दिवसांवर आली. इथली भाडी, ठेवींचं करपात्र व्याज, शेअर विकून झालेला नफा या सगळ्याची बेरीज करून ते १५ लाख बघायचे. परदेशातला पगार त्यात धरायचा नाही.

पण १२० च्या बरोबर ती ३६५ ची अटही आहेच, आणि इथं पुष्कळ जण उगाच घाबरतात. वर्षाला ९० दिवस येणाऱ्या माणसाचे चार वर्षांत ३६० होतात. त्यानं एखाद्या वर्षी मुलीच्या लग्नासाठी १५० दिवस मुक्काम केला, तरी तो अनिवासीच राहतो.

आता एक जागा दाखवतो जिथं माणसं हमखास अडकतात. १ ऑक्टोबर ते ३१ मार्च किती दिवस? ऑक्टोबर ३१, नोव्हेंबर ३०, डिसेंबर ३१, जानेवारी ३१, फेब्रुवारी २८, मार्च ३१. बेरीज १८२. लीप वर्ष असेल तर १८३. म्हणजे 'थंडीचे सहा महिने पुण्यात, उन्हाळ्याचे सहा महिने बाहेर' असं ज्यानं सहज ठरवलं, तो बरोबर रेघेवर येऊन उभा राहिला. आखातात आयुष्य घालवलेले एक गृहस्थ असेच माझ्याकडे आले. त्यांच्या वहीत १८१ होते, कारण उतरल्याचा दिवस त्यांनी धरला नव्हता, विमान रात्री साडेदहाला उतरलं म्हणून. यायचा आणि जायचा दिवस धरायचा की नाही, यावर निवाडे दोन्ही बाजूंचे आहेत. मी दोन्ही धरूनच मोजतो आणि तुम्हीही तसंच मोजा. रात्री साडेदहाच्या विमानावरून प्राप्तिकर खात्याशी वाद घालायची पाळी कुणावर येऊ नये.

त्यांचं पुढे काय झालं? फार काही बिघडलं नाही, आणि हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्या कायद्यातली ही एक समंजस तरतूद आहे. रहिवासी आणि अनिवासी यांच्यामध्ये एक तिसरी पायरी आहे: रहिवासी, पण सामान्यतः रहिवासी नसलेला. आमच्या धंद्यात तिला आरएनओआर म्हणतात. मागच्या दहा वर्षांपैकी नऊ वर्षं तुम्ही अनिवासी असाल, किंवा मागच्या सात वर्षांत मिळून ७२९ किंवा त्याहून कमी दिवस भारतात असाल, तर तुम्ही या पायरीवर. इथं उभं असताना परदेशातल्या उत्पन्नावर भारतात कर नाही, फक्त ते उत्पन्न इथून चालवलेल्या धंद्याचं नसावं. या गृहस्थांची मागची दहाही वर्षं अनिवासी होती, त्यामुळे दुबईतल्या ठेवींच्या व्याजाला धक्का लागला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा चुकले असते तरी दहातली नऊ शिल्लक होती. तिसऱ्यांदा मात्र आठ उरतात. आणि दर वर्षी सहा महिने राहणाऱ्याचे सात वर्षांत ७२९ च्या कितीतरी वर दिवस होतात. मग तो पूर्ण रहिवासी, आणि जगभरातल्या उत्पन्नावर इथं कर.

आखाताचा विषय निघाला म्हणून एक. संयुक्त अरब अमिरातीत पगारावर कर नाही. भारतीय नागरिक दुसऱ्या कुठल्याच देशात रहिवासी म्हणून करपात्र नसेल आणि त्याचं भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल, तर तो एक दिवसही इथं आला नाही तरी 'मानीव रहिवासी' ठरतो. २०२० च्या अर्थसंकल्पात हे आलं तेव्हा आखातातल्या घराघरांत घबराट झाली होती. २ फेब्रुवारीला केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाला खुलासा करावा लागला की तिथं प्रामाणिकपणे काम करणाऱ्यांच्या पगारावर कर लावायचा हेतू नाही. अंतिम कायद्यात या मंडळींना आरएनओआर ठरवलं आहे, म्हणून पगार सुरक्षित आहे. कोकणातल्या आणि गोव्यातल्या दर्यावर्दी मंडळींचं थोडक्यात सांगतो: परदेशी सफरीवर असाल तर सीडीसीवरच्या, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तकातल्या, रुजू तारखेपासून जहाज सोडल्याच्या तारखेपर्यंतचे दिवस भारताबाहेरचे धरतात. ते पुस्तक जपून ठेवा.

आणि फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायदा, विसरू नका. बँकेचं खातं फेमा पाहतो, प्राप्तिकर कायदा नाही. कायमचे परत आलात, इथंच राहायचं ठरवलंत, की फेमाच्या दृष्टीनं तुम्ही रहिवासी झालात, मग प्राप्तिकरात त्या वर्षी अनिवासी असलात तरीही. एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीच्या रुपयातल्या, खात्याची करमाफी फेमाच्या दर्जावर अवलंबून असते. परत आल्यावर वर्षानुवर्षं एनआरई खातं तसंच चालू ठेवणारे आणि व्याज करमुक्त दाखवणारे किती तरी जण मी पाहिले आहेत. त्यांच्या मनात काही वाईट नसतं. बँकेला कुणी कळवलेलं नसतं, एवढंच.

आता काका-काकूंकडे परत येऊ, कारण आज मला सर्वांत जास्त ज्यावर बोलायचं आहे ते इथं आहे.

अमेरिकेचं कर वर्ष जानेवारी ते डिसेंबर. तिथला दिवसांचा हिशेब निराळा: या वर्षीचे सगळे दिवस, मागच्या वर्षीच्या दिवसांचा एक तृतीयांश, त्याआधीच्या वर्षीचा एक षष्ठांश. बेरीज १८३ झाली, आणि या वर्षी निदान ३१ दिवस तिथं असाल, तर तुम्ही अमेरिकेचे कर-रहिवासी. दर वर्षी १२२ दिवस राहून बघा: १२२, अधिक ४० पूर्णांक दोन तृतीयांश, अधिक २० पूर्णांक एक तृतीयांश. बरोबर १८३. चार महिने नातवंडांजवळ राहायचं म्हणून गेलेली आजी साध्या पर्यटक व्हिसावर करापुरती अमेरिकेची रहिवासी होते, आणि तिच्या कानावर ते कुणीच घालत नाही. आमच्या काका-काकूंचे १३० प्रमाणे १९५ होत होते.

यावर उपाय आहे. त्या वर्षी १८३ दिवसांहून कमी राहिला असाल आणि तुमचं घर, तुमचा संसार, तुमचे जास्त जवळचे संबंध भारताशी असतील, तर फॉर्म ८८४० भरून तसं सांगता येतं. नवरा-बायको दोघांनी वेगवेगळा भरायचा. तिथं पगार नसेल तर मुदत जूनच्या मध्यापर्यंत. दोन पानी कागद आहे: घर कुठं, कुटुंब कुठं, मतदान कुठं, गाडीचा परवाना कुठला. पण त्यात एक अट आहे. ग्रीन कार्डासाठी अर्ज केलेला असेल, तर हा फॉर्म चालत नाही.

काका-काकूंच्या पिशवीत पासपोर्टांच्या खाली तोच अर्ज होता. मुलानं सगळं भरून पाठवलं होतं, फक्त सह्या राहिल्या होत्या. मुलाची कळकळ खरी होती. आई-बाबांना दर वेळी व्हिसाच्या खिडकीवर उभं राहावं लागू नये, आजारपणात जवळ असावेत, एवढंच त्याच्या मनात होतं. मलाही मुलगी आहे परदेशात, मला ते कळतं. पण ग्रीन कार्ड म्हणजे विमानतळावरची वेगळी रांग नव्हे. ते हातात आल्यापासून तुमच्या पुण्यातल्या मुदत ठेवींचं व्याज, कोथरूडच्या दुकानाचं भाडं, सगळं अमेरिकेच्या विवरणपत्रात जातं. इथं करमुक्त असलेलं पीपीएफचं व्याज तिथं करमुक्त नाही. म्युच्युअल फंडांना तिथं इतके किचकट नियम आहेत की हिशेबनीसाची फी कधी कधी करापेक्षा जास्त होते. भारतातल्या सगळ्या खात्यांची एकत्र शिल्लक वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, म्हणजे नऊ लाख रुपयांच्या आसपास, तर तिचं वेगळं विवरण द्यावं लागतं. समोर बसलेल्यांपैकी किती जणांच्या ठेवी त्याहून कमी असतील? दोन देशांत करार आहे, इथं भरलेल्या कराची वजावट तिथं मिळते, त्यामुळे हातून जाणारी रक्कम पुष्कळदा मोठी नसते. पण कागद चुकला तर दंड मोठा असतो.

आणि ते कार्ड घरात ठेवून दिल्यानं किंवा त्याची मुदत संपल्यानं कर सुटत नाही. ठरलेला फॉर्म भरून ते रीतसर परत करावं लागतं. पंधरापैकी आठ कर वर्षं ते हातात राहिलं आणि तुमची एकूण मालमत्ता २० लाख डॉलरपर्यंत गेली असेल, तर परत करतानाही कराचा प्रश्न उभा राहतो. पुण्यात मोक्याच्या जागी वडिलोपार्जित बंगला असलेल्या माणसाला तो आकडा दूरचा नाही.

मी कुणालाही ग्रीन कार्ड घेऊ नका असं सांगत नाही. पती गेल्यावर एकट्या राहिलेल्या एका मावशींना मी स्वतः सांगितलं होतं की घ्या, लेकीजवळ राहा, हिशेब आम्ही बघू. त्यांचं इथं एक बचत खातं आणि एक सदनिका होती, आणि त्यांना परत यायचं नव्हतं. पण ज्यांना वर्षातले आठ महिने पुण्यातच काढायचे आहेत, ज्यांची सगळी पुंजी इथं आहे, त्यांनी सही करण्याआधी दोन्ही देशांचा कागद समोर मांडावा. मुलांनीही मांडावा. आई-वडील मुलांच्या शब्दावर सही करतात, कारण त्यांचा मुलांवर विश्वास असतो.

उलट्या दिशेचीही एक गोष्ट. मुलं तिकडच्या बँकेच्या खात्यात सोयीसाठी आई-बाबांचं नाव घालतात. पर्यटक व्हिसावर जाऊन-येऊन राहणारे आई-वडील भारतात पूर्ण रहिवासीच असतात, आणि पूर्ण रहिवाशानं परदेशातलं खातं, नुसता सहीचा अधिकार असला तरी, विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवायचं असतं. न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून इतर मालमत्ता मिळून २० लाखांपर्यंत असेल तर त्यातून सूट आहे, पण दाखवायचं ते दाखवाच. पैसा मुलाचा असतो आणि नाव तुमचं लागलेलं असतं.

काका-काकूंनी सह्या केल्या नाहीत. मुलाशी आम्ही तिघांनी मिळून फोनवर बोललो, तो शांतपणे ऐकत होता. शेवटी त्यानं एवढंच विचारलं, "मग आई-बाबा किती दिवस राहू शकतात?" काकूंनी लगेच नवीन कॅलेंडर मागवलं. आता त्या दुधाच्या खाड्यांशेजारी लाल पेनानं विमानाची तारीख लिहितात, निघायचीही आणि पोचायचीही.

कायमचं परत यायचं ठरवणाऱ्यांसाठी एक तारीख सांगून थांबतो. त्या वर्षी आधी भारतात आला नसाल आणि १ फेब्रुवारीला किंवा नंतर उतरलात, तर ३१ मार्चपर्यंत ५९ दिवस होतात. लीप वर्षात ६० होतात, तेव्हा २ फेब्रुवारी धरा. ते वर्ष अनिवासी जातं, आणि बराच काळ बाहेर राहिलेल्यांना पुढची दोनेक वर्षं सहसा आरएनओआरची मिळतात. तेवढ्यात तिकडची खाती, शेअर, घर यांची घाई न करता व्यवस्था लावता येते.

आता तुमचे प्रश्न घेऊ. ज्यांनी पासपोर्ट आणले आहेत त्यांनी पुढे या, जुनेही आणा. मी इथंच बसलो आहे.