अनुस्वार जपताना

सदाशिव पेठेतल्या या घरात, खिडकीशी ठेवलेल्या टेबलावर, खिळ्यांच्या छपाईचे एक जुने मराठी पुस्तक उघडे आहे. कागद पिवळा पडला आहे, तरी ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘त्यानें’ या शब्दांवरचे अनुस्वार अजून ठसठशीत दिसतात. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनंतर असे अनुस्वार लेखनातून गेले. जुन्या लेखनाची खूण असलेली हीच टिंबे स्कॅन करताना सर्वांत आधी हरवतात.

पान निव्वळ काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केले, तर प्रत्येक ठिपका काळा की पांढरा एवढाच निवाडा यंत्र करते, आणि फिकट शाईचा अनुस्वार पांढऱ्यात जमा होतो. ग्रेस्केलमध्ये त्याच ठिपक्यासाठी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्या रंगाच्या २५६ छटा उपलब्ध असतात. साध्या मजकुराला ३०० डीपीआय, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके, पुरतात. तळटीपांसारख्या बारीक टायपाला मात्र ६०० घ्यावे. तेव्हा ए-फोर आकाराचे एक पान सुमारे ३५ एमबीचे होते, आणि ही जागा खुशाल द्यावी. मूळ प्रत टिफ स्वरूपातच ठेवावी, कारण जेपेग फाइल लहान करताना अक्षरांच्या कडांभोवती धूसर डाग उमटवते.

पातळ कागदातून पाठीमागची अक्षरे डोकावतात, कारण पानातून आरपार गेलेला प्रकाश मागच्या पांढऱ्या पृष्ठावरून परततो. त्यावरचा उपाय अप्पा बळवंत चौकातल्या कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतो: काळा कार्डशीट. तो पानामागे ठेवला की प्रकाश तिथेच शोषला जातो. पान किंचित काळपट येते, पण सगळीकडे सारखेच, म्हणून ते नंतर सहज उजळता येते.

शिवणीजवळच्या ओळी अधिक त्रास देतात. सीआयएस जातीच्या पातळ स्कॅनरला काचेला टेकलेलेच नीट दिसते, तर सीसीडी स्कॅनर काचेपासून थोडा उचललेला भागही स्पष्ट टिपतो. तरीही पुस्तक दाबून सपाट करू नये, कारण शिवण एकदा उसवली की पाने सुटू लागतात.

उरतो तो स्कॅनिंगच्या सॉफ्टवेअरमधला ‘डाग काढा’ हा पर्याय. धूळ आणि अनुस्वार यांतला फरक त्याला कळत नाही, म्हणून काच आधीच मऊ कापडाने पुसावी आणि हा पर्याय बंद ठेवावा.

आता पडद्यावरची प्रतिमा पुस्तकाशेजारी ठेवून ओळीमागून ओळ ताडून पाहिली जात आहे. सातव्या ओळीत पुस्तकात ‘नाहीं’ आहे आणि पडद्यावर ‘नाही’. पान पुन्हा काचेवर ठेवले जाते.