कापूस अडतो तिथे

(सप्टेंबरअखेर. बेतीच्या बाजूचा मांडवीकाठ, समोर पणजी. धक्क्याला बांधलेली शिडाची बोट, शिडं अजून चढवलेली नाहीत.)

काका रिगर, म्हणजे डोलकाठीच्या तारा तपासणारे आणि बसवणारे. त्यांच्या हातात कापसाचा बोळा आहे. तो ते डोलकाठीच्या तारेवरून खाली आणतायत, अगदी सावकाश. छातीपासून कमरेपर्यंत बोळा सरळ येतो. गुडघ्याच्या उंचीवर अडतो. काकांनी हात काढून घेतला, तरी कापसाचे चार तंतू तारेवर फडफडत राहिले.

"हात लावू नकोस रे," काका पुतण्याला बजावतात. "बोटात घुसेल."

आता भिंगातून बघा. सात मिलिमीटर जाडीची ही तार म्हणजे १९ बारीक तारांचा पीळ. मधोमध एक, तिच्याभोवती सहा, त्यांच्याभोवती बारा. नवी असताना तीन टनांहून जास्त ओढ सहन करणारी. त्या बारांपैकी एक तुटून बाहेर आली आहे, नखाएवढी. तिच्यावरच कापूस अडला.

ही बोट ३२ फुटांची. तिची डोलकाठी डेकवर फक्त टेकलेली असते. तिला उभी धरतात त्या आठ तारा. नाळेकडे एक, मागे एक, दोन्ही बाजूंना तीन-तीन. वारा शिडात भरला की वाऱ्याकडच्या तारा ताणल्या जातात आणि तोच ताण डोलकाठीला खाली, बोटीच्या पोटात दाबतो. या सगळ्याला मिळून रिगिंग म्हणतात. बंदरावरून बोट बघणाऱ्याला शीड दिसतं, डोलकाठी दिसते. तारा आकाशात विरून जातात.

(जुन्या लाकडी होडीवरचा काथ्याचा दोर. जवळून.)

हा काथ्याचा दोर मुद्दाम बघा. या किनाऱ्यावर फत्तेमाऱ्या, म्हणजे शिडाची मालवाहू गलबतं, चालायच्या तेव्हा डोलकाठीला असेच दोर असत. बोटीने दिशा बदलली की खलाशी ते सोडून वाऱ्याच्या बाजूला नेऊन बांधत. म्हणजे प्रत्येक दोर दिवसातून कितीदा तरी माणसाच्या हातातून जाई. काथ्या म्हातारा झाला की केस सोडतो, काळा पडतो, हाताला कळतो. नदीच्या वरच्या अंगाला, जुन्या गोव्यात, पोर्तुगीजांची मोठी गोदी होती. तिथेही दोर जीर्ण झालेला नजरेनेच ओळखत असतील.

पोलाद असं सांगत नाही. वरून लखलखतं आणि आतून जातं.

गोव्याला शिडाच्या बोटींचं नवं वैभव मिळालं तेही याच नदीत. दिवाडी बेटावर बांधलेली 'म्हादेई' २००९ मध्ये पाण्यात उतरली. मांडवीचं वरच्या अंगाचं नाव म्हादई, तेच या बोटीला दिलं. तिच्यावरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, असं करणारे ते पहिले भारतीय. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी तीच बोट घेऊन निघाले आणि कुठेही न थांबता फेरी पूर्ण केली. त्याच बेटावर 'तारिणी' बांधली गेली. सप्टेंबर २०१७ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी तिच्यातून गोव्याहून निघाल्या आणि मे २०१८ मध्ये जगाला वळसा घालून गोव्यातच परतल्या. या नावांचा आम्हांला अभिमान आहे. त्या डोलकाठ्या उभ्या ठेवणारी माणसंही कुणीतरी चित्रात धरली पाहिजेत, म्हणून आम्ही या धक्क्यावर आलो.

(तारेचं खालचं टोक. गंजाचा तपकिरी ओघळ.)

आता हा ओघळ. पुतण्या फडक्याने पुसतो, निघून जातो. काका त्याचा हात धरतात.

"पुसायचा नाही. आधी कुठून आला ते बघायचं."

स्टेनलेस म्हणजे न गंजणारं, असा आपला समज. त्यात क्रोमियम असतं. हवेतल्या प्राणवायूशी त्याची गाठ पडली की पोलादावर एक अतिशय पातळ कवच तयार होतं. ओरखडा पडला तरी कवच पुन्हा धरतं, पण त्याला प्राणवायू मिळाला पाहिजे. तारेचं टोक धातूच्या नळीत दाबून बसवलेलं असतं. खालच्या नळीचं तोंड वर असतं, पेल्यासारखं. समुद्राचं पाणी तारेवरून ओघळतं आणि त्या पेल्यात मुरतं. आत हवा जात नाही, मीठ मात्र साठतं. कवच विरतं आणि गंज आतून पोखरू लागतो. वरच्या टोकाच्या नळ्यांचं तोंड खाली, त्यातलं पाणी गळून जातं. म्हणून काकांची तपासणी गुडघ्याच्या उंचीवर सुरू होते.

गोव्याचा पाऊस तारा बाहेरून स्वच्छ धुतो. जून ते सप्टेंबर बोट उभी असते, तारा चकाकतात, मालकाला वाटतं सगळं ठीक. मग ऑक्टोबरचं ऊन पडतं, फटीतलं पाणी आटतं आणि मीठ आणखी घट्ट होतं. दहा-बारा वर्षांनी तारा बदलाव्यात असा रिगर लोकांचा सर्वसाधारण हिशोब. आपल्या उष्ण, खाऱ्या हवेत तेवढंही थांबू नये, असं काकांचं म्हणणं. या बोटीच्या तारा चौदा वर्षांच्या आहेत.

(लाल रंगाचा फवारा. पांढरी पूड. एकच सलग दृश्य, कापू नये.)

नळी घासून कोरडी केली. तिच्यावर लाल रंगाचा फवारा. हा रंग इतका पातळ की केसाएवढ्या भेगेतही शिरतो. दहा मिनिटं थांबायचं. मग फडक्याने सगळा लाल पुसून काढायचा, नळी पुन्हा चकचकीत. आता वरून पांढऱ्या पुडीचा फवारा.

बघत राहा.

पांढऱ्यावर एक लाल रेघ उमटते आहे. आधी ठिपका, मग ठिपक्याला शेपूट, मग नळीच्या तोंडापासून खालपर्यंत उभी रेघ. एका मिनिटापूर्वी हीच नळी उघड्या डोळ्यांना निर्दोष होती. सोळा टोकांपैकी तिघांवर अशी रेघ आली, तिन्ही खालची.

पुतण्या काहीच बोलत नाही. त्याची शाळा म्हणजे ही लोखंडी पेटी, त्यातलं भिंग, कापूस आणि दोन फवारे. हे शिक्षण आज हातातून हातात जातं. ते गोव्यातल्या प्रत्येक बंदरावर पोचलं पाहिजे असं आम्हांला मनापासून वाटतं.

(डेकमधून चेनप्लेट बाहेर काढताना.)

तारेच्या खाली टर्नबकल, म्हणजे ताण कमी-जास्त करायचा पेच, आणि टर्नबकलच्या खाली ही पट्टी, चेनप्लेट. डेकला भेदून आत जाते आणि बोटीच्या अंगाला बोल्टने जखडलेली असते. वरचा भाग आरशासारखा, आतला भाग स्वच्छ. डेकच्या जाडीत लपलेली मधली दोन बोटं पाहा. तपकिरी खड्डे, आणि पट्टी कडेला कुरतडलेली. इथलं सील फुटलं होतं, पाणी थेंबाथेंबाने शिरत राहिलं. नुसती तार नवी घालून ही पट्टी तशीच ठेवली असती, तर सगळं काम वाया गेलं असतं.

(डोलकाठीवर चढताना. खालून, मग माथ्यावरून.)

पुतण्या वर निघाला. बसायला कापडी पाळणा, त्याला दोन वेगळे दोर. दोन्ही गाठ मारून बांधलेले, धातूच्या आकड्यावर भरवसा ठेवायचा नाही. खाली विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या रहाटावर, काका. मधल्या आडव्या दांड्यांपाशी, म्हणजे स्प्रेडरपाशी, तो थांबतो. बाजूची तार इथून वाकून वर जाते. स्प्रेडरच्या टोकाशी वरचा आणि खालचा कोन सारखा हवा, नाहीतर टोक घसरतं. चिकटपट्टी सोडवून तो आत बघतो, बोटाने चाचपतो, खाली ओरडून सांगतो, "बरं आहे काका!"

माथ्यावरून पणजी अशी दिसते. चर्चची पांढरी पायरी, नदीवरचे पूल, पश्चिमेला आग्वादचा किल्ला.

(नवी तार कापताना. मग हातांचे जवळचे दृश्य.)

तार एका वेळी एकच काढायची. तिच्या जागी शीड चढवायचा दोर ताणून बांधायचा, म्हणजे डोलकाठी निराधार होत नाही. जुनी तार सपाट जागेवर ताणून अंथरली, पिनच्या भोकापासून भोकापर्यंत मोजली. नवी तार त्याच मापाची, ३१६ दर्जाच्या स्टेनलेसची. वरचं टोक यंत्रावर दाबून आणलेलं. खालचं टोक इथेच, हाताने.

बाहेरच्या बारा तारा पिळाच्या उलट उकलल्या. मधल्या सात तशाच. त्या सातांवर छोटा शंकू चढवला. बारा तारा पुन्हा शंकूभोवती, एकमेकींना न ओलांडता. वर धातूचं टोक फिरवून घट्ट केलं. आणि लगेच पुन्हा उघडलं! तारा शंकूवर नीट वाकल्यात का, हे बघायचंच. वाकल्यात. आता आत सीलंट भरायचं, पेल्यात पाणी साठायला जागाच ठेवायची नाही, आणि कायमचं बंद. पहिल्या टोकाला पुतण्याला पाऊण तास लागला, आठव्याला पंधरा मिनिटं.

नव्या चेनप्लेटा यायला वेळ गेला, खर्च मालकाच्या अंदाजाच्या दुप्पट झाला आणि मालवणची ठरलेली फेरी हुकली.

(दोन मीटरची पट्टी तारेला चिकटवलेली.)

ताण मोजायची काकांची रीत साधी. दोन मीटरची पट्टी वरच्या टोकाला तारेशी पक्की चिकटवायची, खालचं टोक मोकळं. टर्नबकल आवळला की तार लांबते, पट्टी लांबत नाही. दोघींमधलं अंतर एक मिलिमीटर वाढलं की तारेच्या ताकदीच्या पाच टक्के ताण आला. बाजूच्या तारांना तीन मिलिमीटर. उजवीकडे दोन फेरे, डावीकडे दोन फेरे. मग काका डोलकाठीला गाल टेकवून, एक डोळा मिटून, वरपर्यंत तिची खाच सरळ आहे का बघतात.

(समुद्र. आग्वाद उजव्या हाताला.)

नदीचं मुख ओलांडलं. वारा वायव्येचा, बोट पंधरा अंशांवर कललेली. वाऱ्याआडच्या बाजूची तार काका दोन बोटांनी हलवतात. थोडी सैल आहे, लोंबत नाही.

"अर्धा फेरा," ते म्हणतात.

बोट वळवून दुसरी बाजू आडोशाला आणली. पुतण्या अर्धा फेरा देतो, मग परत वळून पहिल्या बाजूलाही तेवढाच. टर्नबकल आपोआप फिरू नये म्हणून स्प्लिट पिन घालतो, तिचे पाय जेमतेम फाकवतो, चिकटपट्टी गुंडाळतो. खिशातून कापसाचा बोळा काढतो आणि नवी तार वरून खाली पुसत आणतो.