प्रिलिमचा पेपर

(पडद्यावर: ह्यूस्टनची कंट्रोल रूम, जुनी चित्रफीत)

१९६९. अपोलो ११ च्या उड्डाणाला थोडेच दिवस उरलेत. पडद्यांवरच्या आकड्यांत यान चंद्रावर उतरतंय. खरं यान अजून पृथ्वीवरच आहे. हे आकडे सिम्युलेटरचे कॉम्प्युटर पाठवताहेत.

काचेआडच्या खोलीत बसलेत डिक कूस. समोरच्यांना अडचणीत टाकायचं, हेच त्यांचं काम. मुद्दाम मुख्य परीक्षेपेक्षा अवघड पेपर काढणारे प्रिलिमचे सर असतात ना, तसे. आज त्यांनी यानाच्या कॉम्प्युटरवर एक इशारा सोडलाय: १२०१.

गाइडन्स ऑफिसर, म्हणजे यानाची दिशा आणि वेग यांवर लक्ष ठेवणारा, स्टीव्ह बेल्स, वय २६, गोंधळतो. मागच्या खोलीत त्याच्या मदतीला जॅक गार्मन, वय २४. कॉम्प्युटरवर कामाचा बोजा वाढलाय, एवढं कळतं. पण मग उतरायचं की नाही? यान तर खाली चाललंय. बेल्स सांगतो, "अबॉर्ट." उतरणं रद्द.

सराव संपल्यावर कूस म्हणाले, चुकलात. यान व्यवस्थित चाललं होतं. फ्लाइट डायरेक्टर जीन क्रँझ आधी कूस यांच्यावरच वैतागले. शेवटी शेवटी असला पेपर काढतात का! पण मग त्यांनी फर्मावलं: असे जेवढे इशारे येऊ शकतात, तेवढे सगळे शोधा. कुठल्यावर थांबायचं, कुठल्यावर नाही, ठरवून टाका.

(पडद्यावर: हाताने लिहिलेला कागद)

गार्मननं ती यादी स्वतःच्या हातानं लिहिली आणि टेबलावरच्या पारदर्शक आवरणाखाली सरकवली. ऑफिसात काचेखाली फोन नंबरांची चिठ्ठी ठेवतात, तशी.

२० जुलै. आता यान खरं आहे. साधारण ३३ हजार फुटांवर आर्मस्ट्राँगचा आवाज येतो: १२०२. मुख्य यानाचा माग काढणारं रडार कॉम्प्युटरला नको तेवढं काम देत होतं. कॉम्प्युटर बिनमहत्त्वाची कामं टाकून देत होता, दिशा आणि वेग मात्र सांभाळत होता. हा इशारा सारखा सारखा वाजला नाही, तर चालेल, असं यादीत ठरलेलं होतं. अर्ध्या मिनिटाच्या आत वर निरोप गेला: "गो." उतरत राहा.

आणखी खाली आल्यावर पुन्हा इशारा. या वेळी आकडा होता १२०१. प्रिलिमला चुकला होता, तोच.

"तोच प्रकार. गो."