टेप कुठं धरायची

सांगलीचं मार्केट यार्ड. हळदीचे सौदे सुरू आहेत. पोतं काट्यावर चढलं, वजन लिहून झालं. व्यापारी मात्र हळकुंड मोडून आतला रंग बघतोय.

माणसाचंही आतलं बघावं लागतं. 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं की येतो तो बीएमआय. दोघांचाही 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. काटा आता घरोघरी आलाय. टेप शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये पडून आहे. ती बाहेर काढून कंबर मोजायला हवी.

हे गावातलं आरोग्य उपकेंद्र. तिशी ओलांडलेल्यांचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांचा धोका तपासायची यादी, भरताना आशाताई कंबर मोजतायत. त्यांचे हात बघा. शेवटची बरगडी चाचपली. खाली कमरेचं हाड सापडलं. दोन्हींच्या बरोबर मध्ये पेनानं खूण. टेप तिथूनच फिरणार. पाय जुळलेले, हात सैल. टेप अंगाला टेकलेली, पण रुतलेली नाही. श्वास सहज सोडला, आणि आकडा वाचला.

पुरुष हमखास पट्ट्याची जागा दाखवतात. पॅन्ट पोटाखाली बांधली की ‘चौतीस’ची साईज वर्षानुवर्षं चौतीसच राहते, पोट वाढत राहतं. साडीवरून मोजलं तर निऱ्यांची जाडी धरली जाते. म्हणून नाडी सैल करून निऱ्या खाली सरकवायच्या. टेप पाठीमागं घसरते, ताई मागं जाऊन बघतायत ते त्यासाठीच. आणि जुनी कापडी टेप ताणली गेली असेल तर आकडा कमी दाखवते. आधी पट्टीला लावून बघा.

पुरुषांना 90 सेंटिमीटर, बायकांना 80. त्यापुढं धोका सुरू.

चिमटीत येते ती कातडीखालची चरबी. आतड्यांभोवतीची चिमटीत येत नाही. तिच्यातून सुटणारी मेदाम्लं रक्तातून थेट यकृतात जातात, तिथं चरबी साचते, शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं. पुढं मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, झोपेत अडकणारा श्वास.

ताईंनी फॉर्मवर आकडा लिहिला. 94. शेजारच्या टेबलावर बीपीचा पट्टा आणि साखर तपासायची सुई तयार आहे.