मानशीच्या वाटेवरचं औषध

मंडळी, खाजनात, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतात, पाणी बाहेर पडायची वाट एकच. ओहोटी लागली की मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेची, लाकडी दारं उघडतात आणि शेतातलं पाणी पोंयमधून, म्हणजे आतल्या ओहोळातून, नदीत उतरतं. भरती आली की पाण्याच्या दाबाने तीच दारं मिटतात. त्याच दाराशी जाळं लावून आपण सुंगटं (कोळंबी) धरतो. म्हणून वरच्या कोपऱ्यात मारलेलं औषध माझ्या शेतापुरतं, असं खाजनात कुणालाच म्हणता येत नाही.

भातावर लॅम्डा-सायहॅलोथ्रिन ५ टक्के सर्रास मारतात. ते किडीच्या मज्जातंतूंवर काम करतं. सुंगटं आणि कुर्ल्या (खेकडे) या किडीच्याच दूरच्या नातलग, त्यामुळे त्यांना अगदी थोडं औषधही पुरतं. हे औषध पाण्यात फारसं विरघळत नाही, गाळाच्या कणांना चिकटतं. पाणी नितळ दिसलं म्हणून धोका टळला असं समजू नका. गाळ पोंयच्या तळाशी बसतो आणि सुंगटं चरतात तीही तिथेच.

मात्रा हेक्टरी २५० मिली, ५०० लिटर पाण्यात. म्हणजे १६ लिटरच्या पंपाला ८ मिली. टोपणाने मोजू नका, प्रत्येक बाटलीचं टोपण वेगळं असतं. सुईशिवायची सिरिंज वापरा आणि ती त्याच कामाला ठेवा.

आता तपकिरी तुडतुडे, भाताचा रस शोषणारी कीड. इथे चूक हमखास होते. हा तुडतुडा पानावर बसत नाही. चूड (भाताचा झुबका) दोन्ही हातांनी फाकवून बुडाशी, पाण्याच्या जरा वर बघा. वरून मारलेली फवारणी तिथवर पोचतच नाही. मरतात ते कोळी, आणि तुडतुड्याची अंडी शोषणारा हिरवा मिरिड ढेकूण. राखणदार गेले की पंधरा-वीस दिवसांत तुडतुडे आधीपेक्षा जास्त होतात, आणि माणूस पुन्हा पंप उचलतो. सायहॅलोथ्रिनच्या जातीच्या औषधांचा हा जुना, माहीत असलेला दोष आहे. त्यात युरिया जास्त पडला असेल तर कोवळ्या, दाट भातात त्यांची चंगळच.

चुडामागे ५ ते १० तुडतुडे दिसेपर्यंत औषध नको. दिसले तर आधी कुणग्यातलं (भातखाचरातलं) पाणी तीन-चार दिवस काढून टाका, बुडाशी वारा-ऊन लागू द्या. तरीही कमी झाले नाहीत, तरच तुडतुड्यांसाठी शिफारस असलेलं औषध, नोझल खाली धरून बुडाशी मारा. हा क्रम उलटा करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. आधी औषध मारून मग पाणी सोडलं, तर ते सरळ मानशीकडे जातं. फवारणीआधी मेरेची, म्हणजे कुणग्याच्या बांधाची, तोंडं चिखलाने बुजवा आणि निदान आठवडाभर उघडू नका. पावसाचं आभाळ असेल त्या दिवशी पंप घरीच ठेवा, कारण मेर भरून वाहिली की बुजवलेल्या तोंडांचा काही उपयोग नाही.

रिकामी बाटली तीनदा विसळा, दर वेळचं पाणी पंपातच ओता. पंप धुतलेलं पाणीही त्याच कुणग्यात फवारून संपवा. पोंयच्या काठावर बसून पंप धुतला, तर आठवडाभर राखलेली मेर फुकट गेली.