बिलाखालची ‘बचत’

श्रोतेहो, नमस्कार.

महिन्याचा पहिला रविवार आला की आपल्या इंदुरात सवलतीच्या मोठ्या दुकानांबाहेर स्कूटर लावायला जागा मिळत नाही. पगार झालेला असतो, मुलांना सुट्टी असते, अख्खं कुटुंब ट्रॉली ढकलत निघतं. तिथं जावं की नाक्यावरच्या किराणावाल्याकडेच राहावं, असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, काय आणायला जाताय? कारण तिथली स्वस्ताई प्रत्येक वस्तूला सारखी लागू पडत नाही.

आधी ती येते कुठून ते पाहू. डी-मार्टचंच उदाहरण घ्या. राधाकिशन दमाणींनी 2002 साली मुंबईत पवईला पहिलं दुकान काढलं. बहुतेक जागा स्वतःच्या घ्यायच्या, म्हणजे दरमहा भाड्याचा बोजा नाही. माल पुरवणाऱ्याचे पैसे लवकर चुकते करायचे आणि त्या बदल्यात भाव पाडून घ्यायचा. झगमगाट बेताचा ठेवायचा, आणि जो माल भराभर उठतो तोच फळीवर मांडायचा. यात जादू काही नाही, सियागंजातला कुठलाही जुना व्यापारी हेच सांगेल: रोख मोजा, भाव कमी घ्या. राहिलेला खर्च आपण उचलतो. माल शोधायचा आपण, रांगेत उभं राहायचं आपण, पिशव्या घरी न्यायच्या आपण, पेट्रोलही आपलंच.

आणि आत शिरल्यावर तेल-साखरेपाशी कोण थांबतं? पुढं बादल्या, डबे, चादरी, मुलांचे टी-शर्ट. या कंपनीच्या विक्रीत अशा मालाचा वाटा साधारण पावभर आहे, आणि किराण्यापेक्षा नफा त्यातच जास्त. साखरेवर सोडलेले दोन रुपये प्लॅस्टिकच्या डब्यावर वसूल होतात. यादी घरी विसरली तर खिशाला कात्री लागलीच म्हणून समजा.

आता त्या बिलाकडे या. सगळ्यात खाली ठळक अक्षरात छापलेलं असतं, ‘तुमची बचत’ एवढे-एवढे रुपये. ते वाचून माणूस खूश होऊन बाहेर पडतो. पण हा आकडा काढतात कसा? पाकिटावरची एमआरपी वजा दुकानाचा भाव. एमआरपी म्हणजे जास्तीत जास्त किंमत. त्याहून अधिक घेता येत नाही, कमी कितीही घेता येते. आणि तूरडाळीच्या किंवा शेंगदाण्याच्या पाकिटावर ती एमआरपी ठरवतो कोण? जो पाकीट भरतो तो. दुकानाचं स्वतःचंच पाकीट असेल तर एमआरपीही त्याचीच आणि सूटही त्याचीच! मल्हारगंजातला तुमचा किराणावाला डाळ एमआरपीने विकतो का? तो आजच्या भावाने विकतो. तेव्हा खरी बचत म्हणजे त्याच्या भावातला आणि या भावातला फरक. तो काढायला दोन फोन पुरतात, पण काढतं कोण!

म्हणून माझा साधा हिशेब असा. साबण, दंतमंजन, कपडे धुण्याची पावडर, चहापत्ती, सीलबंद तेल यांचं पाकीट इथं-तिथं एकच असतं, त्यामुळे भाव सरळ ताडून पाहता येतो. तिथं मोठं दुकान बहुधा जिंकतं, खुशाल आणा. डाळ, तांदूळ, पोहे, मसाला यांचं तसं नाही. आपल्याला जाड पोहे लागतात, तेही उज्जैनचे, वाफवले तरी गिचका न होणारे. ते ओळखीचा दुकानदार मूठभर हातावर ओतून दाखवतो. ‘ही डाळ नवी आहे, लवकर शिजेल’ हे पाकीट सांगत नाही. गव्हाचं तर आपल्याकडे ठरलेलंच असतं, एप्रिलमध्ये वर्षाचा लोकवन भरायचा. त्यात कराचीही गंमत आहे. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्या-डाळींवर 5 टक्के जीएसटी लागतो. सुट्ट्या मालावर तो नाही.

मोठं पाकीट स्वस्तच पडतं, हाही एक समज. समजा, 500 ग्रॅमचं पाकीट 95 रुपयांना आहे आणि 2 किलोचं 410 ला. लहान पाकिटावर दर ग्रॅमला 19 पैसे असं छापलेलं असेल आणि मोठ्यावर किलोला 205 रुपये. एक ग्रॅममध्ये, दुसरं किलोमध्ये! चष्मा लावून, हजाराने गुणून पाहिलं की कळतं, लहान पाकीट किलोला 190 ने पडलं. शॅम्पूच्या पुड्याही कितीदा बाटलीपेक्षा स्वस्त पडतात. आणि ‘दोनावर एक फुकट’ असेल तर आधी तारीख बघा. तिसरं पाकीट उघडेपर्यंत रव्यात सोनकिडे झाले, तर ते सकाळच्या गाडीत ओल्या कचऱ्यात जाणार. शहराचा स्वच्छतेतला पहिला नंबर राखायला तेवढीच आपली मदत!

एक गोष्ट मात्र मला खरंच खटकते. ही स्वस्ताई ज्याच्या हातात एकरकमी पैसे, दाराशी वाहन आणि घरात फडताळ आहे त्याच्यासाठी आहे. लोकमान्य नगरात किंवा राजेंद्र नगरात एकट्या राहणाऱ्या आजी, मुलगा पुण्याला, त्यांनी पाच लिटरचा डबा जिन्याने वर न्यायचा कसा? त्यांना पावशेर रवा, दहा रुपयांची मोहरी आणि फोन केल्यावर घरी येणारा पोऱ्या हवा असतो. रोजंदारीवाल्याला हातात पैसे येईतो खात्यावर लिहून घेणारा वाणी हवा. दवाखान्याचा खर्च निघाला त्या महिन्यात वहीवर लिहून माल देणारं दुकान कुठलं, ते ज्याचं त्याला माहीत असतं. आपण सगळं सामान रविवारी बाहेरून आणायचं आणि अडीनडीला तेवढं त्याच्याकडे जायचं, तर तोही किती दिवस दुकान उघडं ठेवणार?

बाकी दुकान कुठलंही असो, बिल मागून घ्या. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत घेण्याची मुदत बिलावर लिहिलेली नसेल तर 30 दिवस धरतात. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. आणि त्या गुळगुळीत कागदावरची शाई उन्हात ठेवली की उडते, तेव्हा घरी आल्या-आल्या बिलाचा फोटो काढून ठेवा.

नमस्कार.