संगीताविना नीडल पार्क

[दृश्य: न्यूयॉर्क, ब्रॉडवे आणि बहात्तराव्या रस्त्याचा कोपरा, सकाळची गर्दी]

आज बोलायचंय ‘द पॅनिक इन नीडल पार्क’ या चित्रपटाबद्दल, आणि तो जिथे घडतो ती ही जागा. ब्रॉडवे हा रस्ता मॅनहॅटनमध्ये तिरका धावतो. इथे तो अ‍ॅमस्टरडॅम अ‍ॅव्हेन्यूला कापून जातो, म्हणून मधोमध जमिनीचे दोन त्रिकोणी तुकडे उरलेत. दक्षिणेकडचा शर्मन स्क्वेअर, उत्तरेकडचा वर्दी स्क्वेअर. संगमरवरात उभे आहेत ते इटालियन संगीतकार जुझेप्पे वर्दी. पुतळा १९०६ सालचा. खाली चौथऱ्याभोवती त्यांच्याच ऑपेरांमधली चार पात्रं आहेत.

[दृश्य: बाकावर बसलेली माणसं, बाबागाडी, कॉफीचे कप]

आज इथे घर घ्यायचं तर खिसा चांगलाच गरम लागतो. साठच्या दशकात मात्र याच बाकांवर गर्दुल्ले बसून असायचे. कुणाकडे पुडी आहे, कुणाकडे पैसे आहेत, पोलीस कुठल्या कोपऱ्यावर उभा आहे, सगळा हिशेब इथे बसूनच व्हायचा. नकाशावर नसलेलं एक नाव या जागेला त्यांच्यामुळे चिकटलं: नीडल पार्क.

[दृश्य: जुन्या मासिकाची पानं, कृष्णधवल छायाचित्रं]

१९६५ च्या फेब्रुवारीत ‘लाइफ’ साप्ताहिकानं या चौकावर दोन भागांची लेखमाला सुरू केली. शब्द जेम्स मिल्स यांचे, छायाचित्रं बिल एप्रिज यांची. हेच एप्रिज तीन वर्षांनी लॉस एंजेलिसच्या एका हॉटेलात हजर होते आणि गोळी लागून जमिनीवर पडलेल्या रॉबर्ट केनेडींचा तो फोटो त्यांनीच काढला. पण त्याआधी हे काम. हेरॉइनच्या आहारी गेलेल्या एका तरुण जोडप्याबरोबर ते राहिले, फिरले, त्यांच्या हॉटेलच्या खोलीत कोपऱ्यात बसून राहिले.

हा फोटो जरा थांबून बघा. डोस जास्त झालेल्या एका माणसाला शुद्धीवर आणायला ती मुलगी धडपडते आहे. फोटो काढणारा पलंगापासून फार तर दोन पावलांवर असेल. त्यानं ना दयेची प्रकाशयोजना केली आहे, ना चेहरा भेसूर दिसेल असा कोन शोधला आहे. समोर आहे तेवढंच टिपलंय. पुढे जो चित्रपट झाला त्याची नजर इथे तयार झाली, असं आम्हाला वाटतं.

मिल्स यांनी या मजकुरावरून १९६६ मध्ये कादंबरी लिहिली. तिच्यावरच्या चित्रपटाचे निर्माते डॉमिनिक डन. पटकथा लिहिली त्यांचे भाऊ जॉन ग्रेगरी डन आणि भावजय जोन डिडियन यांनी. आणि दिग्दर्शनासाठी आले जेरी शॅट्झबर्ग, तेही मूळचे छायाचित्रकारच. फॅशनच्या मासिकांसाठी काम करणारे. बॉब डिलनच्या १९६६ च्या अल्बमवरचा तो किंचित हललेला, धूसर फोटो आठवतो? तो त्यांचा. धूसर आलेला फोटो फेकून न देता मुखपृष्ठावर जाऊ शकतो, हे ठाऊक असलेला माणूस या गोष्टीला मिळाला हे नशीबच म्हणायचं.

[दृश्य: चित्रपटाची पोस्टर, स्थिरचित्रं]

‘द पॅनिक इन नीडल पार्क’, १९७१.

हा च्युइंगम चघळत, खांदे उडवत, न थांबता बडबड करत चालणारा पोरगा म्हणजे बॉबी. अल पचिनो, वय तीस. रंगभूमीवर त्याचं नाव झालं होतं. गंमत म्हणजे १९६९ मध्ये टोनी पुरस्कार मिळाला तोही एका व्यसनी तरुणाच्याच भूमिकेसाठी. पडद्यावर मात्र यापूर्वी फक्त एक लहानशी भूमिका. ही पहिली मुख्य. पुढे ‘गॉडफादर’साठी हाच नट हवा म्हणून दिग्दर्शक कपोला यांनी स्टुडिओशी भांडण मांडलं, तेव्हा पुरावा म्हणून याच चित्रपटाचे तुकडे दाखवले होते.

म्हणून हा चित्रपट पचिनोच्या खात्यावर जमा झाला. आमच्या मते तो हेलनचा आहे, म्हणजे बॉबीच्या मैत्रिणीचा. भूमिका किटी विनची. इंडियानातून शहरात आलेली, नुकताच गर्भपात झालेली, अंगात ताप असलेली मुलगी. बॉबी तिच्याशी चांगला वागतो, एवढंच कारण तिला पुरतं. ती पहिल्यांदा सुई टोचून घेते ते चित्रपट दाखवत नाही. बॉबी तिच्याकडे बघतो, तिच्या डोळ्यांच्या बाहुल्या बघतो आणि त्याला कळतं. आपल्यालाही त्याच्याबरोबरच कळतं.

[दृश्य: रस्त्यापलीकडून लांब लेन्सनं घेतलेली गर्दी]

आता हा शॉट. आम्ही तो मुद्दाम त्यांच्या पद्धतीनं घेतला आहे. कॅमेरा रस्त्याच्या या बाजूला, लेन्स लांबची, माणसं त्या बाजूला. छायालेखक अ‍ॅडम होलेंडर यांनी बराचसा चित्रपट असा टिपला. मूळचे पोलंडचे, ‘मिडनाइट काउबॉय’ त्यांनीच चित्रित केला होता. मधून टॅक्सी जाते, बस आडवी येते, अनोळखी माणूस चौकटीत शिरतो आणि निघून जातो. कुणी कॅमेऱ्याकडे बघत नाही, कारण कॅमेरा आहे हेच बहुतेकांच्या गावी नाही. गर्दीत पचिनो आणि विन हरवतात, पुन्हा सापडतात. सेट लावून हे कितीही पैसे ओतले तरी जमलं नसतं.

आणि आवाज. डोळे मिटून ऐका थोडा वेळ. हॉर्न, ब्रेक, जाळीखालून येणारी रेल्वेची घरघर, लांबवर सायरन. बस्स. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. मुळात होतं. नेड रोरेम या नामवंत संगीतकारानं ते लिहिलंही होतं. शॅट्झबर्गनी ते पूर्ण काढून टाकलं.

आपल्याला याची किंमत लवकर कळते. दारूच्या पेल्यात बुडालेला नायक आपण मराठी रंगभूमीवर शंभर वर्षं बघतोय, आणि त्याच्या बायकोच्या तोंडची पदं अजूनही गुणगुणतोय. रडू कुठे यायचं हे पेटी आणि सारंगी सांगते. त्यात वाईट काही नाही, पण सोय आहे ती प्रेक्षकांची. इथे ती सोय नाही. बाटलीचं बूच, काडी, ज्योत, दंडावर आवळलेला पट्टा, सुई. सगळं जवळून, सावकाश, आणि मागे फक्त खोलीतला आवाज. अशा वेळी काय वाटून घ्यायचं हे तुमचं तुम्ही ठरवायचं.

[दृश्य: स्टेटन आयलंडची फेरीबोट, कठडा, पाणी]

ही ती फेरीबोट. दोघं कुत्र्याचं पिल्लू घेऊन शहरात परत येत असतात. एवढा एकच दिवस बरा चाललेला. बॉबीला तलफ येते, दोघं शौचालयात शिरतात, पिल्लू कुईंकुईं करतं म्हणून हेलन त्याला दाराबाहेर ठेवते. नंतर ती धावत डेकवर येते तेव्हा उशीर झालेला असतो. हा कठडा, आणि खालून सुटलेली ही मोकळी जागा. पिल्लाला जायला पुरेशी.

[दृश्य: रिकामा चौक, संध्याकाळ]

नावातलं ‘पॅनिक’ म्हणजे बाजारातून माल गायब होण्याचे दिवस. पुरवठा आटला की मैत्री आटते. जो तो दुसऱ्याला पोलिसांच्या हवाली करून स्वतःची सुटका करून घेतो. हॉच नावाचा डिटेक्टिव्ह हे ओळखून असतो आणि नेमका हेलनला गाठतो. बॉबीला माल घेऊन येताना पकडून दे, तुझी केस मिटवतो. ती देते. बेड्या पडल्यावर बॉबी भर रस्त्यात तिच्यावर ओरडतो, की तो तिच्याशी लग्न करणार होता. शिक्षा भोगून तो बाहेर येतो तेव्हा ती तुरुंगाच्या फाटकापाशी उभी असते. तो चार शिव्या घालत नाही, माफही करत नाही. जरा पुढे जाऊन थांबतो, ‘मग?’ अशा अर्थाचं काहीतरी म्हणतो, आणि दोघं चालायला लागतात.

[दृश्य: वृत्तपत्रांची कात्रणं, झरझर]

चित्रपट झळकला त्याच उन्हाळ्यात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी अमली पदार्थांना देशाचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू ठरवलं. १९७३ मध्ये न्यूयॉर्क राज्यानं गव्हर्नर रॉकफेलर यांच्या नावाचे कडक अमली पदार्थविरोधी कायदे आणले, आणि बॉबीसारख्या किरकोळ विक्रेत्यांनी तुरुंग भरले. हे कायदे बऱ्याच अंशी सौम्य व्हायला २००९ उजाडलं.

किटी विनला १९७१ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. ‘द एक्झॉर्सिस्ट’मध्येही ती दिसली, आणि सत्तरचं दशक संपता संपता चित्रपटांतून बाजूला झाली. शॅट्झबर्ग आणि पचिनो यांचा पुढचा चित्रपट ‘स्केअरक्रो’. १९७३ मध्ये कानचा सर्वोच्च पुरस्कार त्याला विभागून मिळाला. त्यावर वेगळा भाग करायचा आहे, कारण तिथेही आम्ही भांडणार आहोत.

[दृश्य: श्रेयनामावली, मागे फक्त रहदारीचा आवाज]

चित्रपट बघायचा ठरवलात तर रात्री, कानाला चांगले हेडफोन लावून बघा. आवाज वाढवून ठेवा. आणि बरोबर बघणाऱ्यांत कुणी श्वानप्रेमी असेल तर फेरीबोटीचं आधी सांगून ठेवा.